चौकीची राख

एकोणीसशे तीसच्या सुमाराला आमच्या गावात एक इतिहास मंडळ होतं. अलिबागेहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. पुढे समुद्र, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे भातखाचरं. सभासद मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती, पण थाट असा की पुण्यामुंबईच्या विद्वानांनी यांच्याकडूनच धडे घ्यावेत. माझे सासरे या मंडळाचे कार्यवाह. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सारा गाव त्यांना शिरस्तेदारच म्हणायचा. मी त्यांना मामंजी म्हणे.

मंडळाचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. पावसाळ्यात इतिहास बंद, कारण वाचनालयाची कौलं गळत आणि सभासदांना आपापली शेती आठवे. हंगामात दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात व्याख्यान आणि महिन्याकाठी एखादी सहल. व्याख्यानाला पुरुष सतरंजीवर आणि आम्ही बायका शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून. त्या दारातून आम्हांला वक्त्याची फक्त पाठ दिसे. मी अनेक विद्वानांना अजूनही केवळ पाठीवरून ओळखते.

खरं सांगायचं तर इतिहास मला फारसा रुचत नसे. त्यात कुणी जेवतच नाही. माणसं सकाळी घोड्यावर बसतात, संध्याकाळपर्यंत लढतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा घोड्यावर. मध्ये चूल कुणी पेटवली, भाकऱ्या कुणी थापल्या, याचा पत्ता नाही. एकदा मी हे मामंजींना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "सूनबाई, मुद्दा बरोबर आहे. पण त्याला साधनं नाहीत." मी म्हटलं, "साधनं आहेत, पण ती घासून पालथी घातलीत." यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाईंना मात्र सुनेने सासऱ्याला हसवणं पसंत नव्हतं.

सहली मला आवडत. रेवदंड्याच्या कोटात फिरताना पडक्या भिंतींपेक्षा आतल्या वाड्यांकडे आम्हां बायकांचं लक्ष जास्त. पालीला गेलो तेव्हा देवळाच्या बांधणीवर बोलायचं ठरलं होतं. पण एकदा बल्लाळेश्वरापुढे उभं राहिल्यावर सगळ्यांचे हात जोडले गेले ते गेले आणि बांधणी राहिली ती राहिलीच. थळहून मचव्यात बसून समुद्रातला किल्ला पाहायला निघालो, तेव्हा तर आरमारावर बोलणारे गृहस्थच पहिल्या लाटेला पिवळे पडले. तशाही स्थितीत ते उभे राहून बोलू लागले, तेव्हा मचव्यावरचा तांडेल म्हणाला, "सायब, आरमाराचा मंग सांगा. आदी खाली बसा, न्हाय तं पान्यात जाल." आरमाराचं व्याख्यान त्या दिवशी आडवं पडून झालं.

मंडळात मामंजींचे एक प्रतिस्पर्धी होते, एक वकील. सडसडीत, पांढऱ्या मिशांचे, अत्यंत सोवळे गृहस्थ. चातुर्मासात कांद्याचं नावही काढायचे नाहीत. व्याख्यान कुणाचंही असो, संपल्याबरोबर ते उठत, उपरणं सावरत आणि विचारत, "पुरावा काय?" मोठमोठ्यांची या दोन शब्दांपुढे त्रेधा उडे. मामंजींची तर दरवर्षी.

कारण मामंजींची एक गोष्ट होती. त्यांच्या पणजोबांची. गावाच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडावर एक टेकाड आहे. आरमाराच्या काळात त्या टेकाडावर चौकी होती आणि पणजोबा त्या चौकीवर पहाऱ्याला होते. एकदा शत्रूची गलबतं खाडीत शिरताना त्यांना दिसली. हाताशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चौकीचं गवती छप्पर पेटवून दिलं, जाळ पाहून गाव सावध झालं, बायकापोरं मागच्या डोंगरात पळाली आणि वाचली. पणजोबा मात्र परत आले नाहीत. त्यांच्या श्राद्धाला आमच्याकडे एक पान त्या टेकाडाच्या दिशेला तोंड करून वाढत. मामंजींनी ही गोष्ट आजोबांच्या मांडीवर बसून ऐकली होती आणि तीच आपल्या मुलांना सांगितली होती.

आणि दरवर्षी वकीलसाहेब विचारत, "पुरावा काय?"

कागद नव्हता. शिलालेख नव्हता. टेकाडावर एक चौथरासुद्धा नव्हता, नुसती करवंदीची जाळी. मंडळ तेव्हा आपल्या भागाचा इतिहास लिहून काढत होतं. त्यात पुराव्याशिवाय ओळ घालायची नाही, असा ठराव वकिलांनी करून घेतला होता. म्हणजे चौकी त्यात येणार नव्हती आणि पणजोबाही. मामंजींचं वय झालं होतं, दम लागायचा. "मी गेल्यावर ही गोष्ट कोण सांगणार? आणि सांगितली तरी कोण ऐकणार?" असं ते एकदा झोपाळ्यावर बसून स्वतःशीच म्हणाले, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

हंगामाची शेवटची सहल माघात असे, आणि मामंजींच्या हट्टाने ती त्याच टेकाडावर जाई. तिला गर्दीही सर्वांत जास्त, कारण त्या दिवशी पोपटी असे. वालाच्या शेंगा नुकत्या भरलेल्या असतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, बटाटे, कोनफळं, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला, आणि तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं पालथं घालायचं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. वरून पाणी शिंपडलं आणि मडकं चर्र वाजलं की पोपटी झाली. आमच्या घरची मंडळी खाणारी, म्हणून आमच्या मडक्यांत अंडी आणि कोंबडीही जायची. न खाणाऱ्यांची मडकी वेगळी. ती ओळखू यावीत म्हणून मी त्यांच्या खांद्यावर विळीच्या टोकाने तीन रेघा ओढून ठेवत असे.

पुरुषमंडळी टेकाडाच्या माथ्यावर मामंजींचं व्याख्यान ऐकत बसायची. आम्ही बायका आणि गाडीवान मागच्या उतारावर, वारा लागणार नाही अशा खळग्यात, पोपटी लावायचो. पोपटी कुठे लागते, हे मंडळाच्या विद्वानांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना पोपटी ठाऊक होती ती पानात पडल्यापासून पुढची. अपवाद फक्त वकीलसाहेबांचा. ते व्याख्यान अर्धं टाकून खाली येत आणि तीन रेघांच्या मडक्याशेजारी दगडावर पहारा करत बसत, हेतू हा की कुणाचा हात या मडक्यातून त्या मडक्यात जाऊ नये.

ज्या वर्षाची ही हकिगत, त्याच्या आदल्या साली तीन रेघांचं एक मडकं जाळात तडकलं. राख आत गेली, शेंगांचा कोळसा झाला. ते तसंच ढकलून आम्ही वर माती लोटली, गुरांच्या पायात खापऱ्या जाऊ नयेत म्हणून. सोवळ्या मंडळींच्या वाट्याला उरलेल्या एका मडक्यातलं मूठ-मूठ आलं. वकीलसाहेबांनी सगळ्यांना आधी घेऊ दिलं आणि आपल्याला काही उरलं नाही हे पाहून ते पुन्हा दगडावर जाऊन बसले. तिन्हीसांजा होत आल्या होत्या. मी बिनरेघांच्या मडक्यातले दोन बटाटे पानावर ठेवून ते पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळाने पाहिलं, तर पान रिकामं होतं. मी काही बोलले नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

पुढच्या साली दिवाळी झाल्यावर मामंजींनी टेकाडावर खणायचं ठरवलं. पणजोबांनी छप्पर जाळलं, तर राख असलीच पाहिजे. मंडळाचे चौघे आणि दोन गडी सकाळी निघाले. वकीलसाहेब त्या दिवशी अलिबागेला कोर्टात. बायकांना न्यायचा प्रश्नच नव्हता. पोपटी नव्हती ना! दुपारी मामंजी धापा टाकत अंगणात आले. उपरण्यात काहीतरी बांधलेलं. ओटीवर येऊन त्यांनी गाठोडं उघडलं आणि सासूबाईंना हाक मारली, ती अशी की घरात नातू झाला असावा.

"राख सापडली! हातभर खोल, काळीभोर! जळकं धान्य आहे. खापरं आहेत. आणि हे बघ!" त्यांनी एक मोठी खापरी उचलून धरली. "तीन रेघा! खाडीकाठची तिसरी चौकी. चौक्यांना आकडे असणार, हे मी कधीपासून म्हणतो आहे!"

मी भाताची पेज उतरवून बाहेर आले होते. खापरीकडे पाहिलं. तिसरी रेघ खाली जाताना जरा उजवीकडे पळाली होती. आदल्या साली विळी माझ्या हातातून सटकली होती, ती तिथेच. जळकं धान्य म्हणजे आमच्या परसातले वाल. पावसाळ्याने उताराची माती खाली आणली होती, वर गवत माजलं होतं, आणि वारा लागत नाही म्हणून आम्ही जो खळगा निवडला, तोच मामंजींनी जुनी चौकी आडोशालाच असणार म्हणून निवडला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. मी एकदम हसणार होते, पण मामंजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे थिजलं. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुण्याचे एक मोठे संशोधक त्या शनिवारी येणार होते. मामंजींनी तेव्हाच्या तेव्हा ठरवून टाकलं की आपलं व्याख्यान त्यांच्यापुढेच व्हायचं. दुसऱ्या दिवशी गावभर झालंसुद्धा की शिरस्तेदारांना चौकी सापडली.

मी एक रात्र कशीबशी काढली. सकाळी ते संध्या आटोपून झोपाळ्यावर बसले, तेव्हा जाऊन म्हटलं, "मामंजी, ते मडकं माझं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने, दुसऱ्याचीच सवय ती, म्हणाले, "पुरावा काय?"

त्याच खेपेला घेतलेलं एक मडकं माळ्यावर होतं. भांडी घासायची राख मी त्यात साठवत असे. ते आणून त्यांच्यापुढे ठेवलं. तीन रेघा, एकाच हाताच्या. मामंजींनी खापरी हातात घेतली, मडक्याच्या काठाशी काठ लावून पाहिला. मग आपलं बोट एकेका रेघेवरून फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"आणि वाल?" त्यांनी विचारलं.

"परसातले."

ते उठून आत गेले. दुपारी जेवले नाहीत. सासूबाई माझ्यावर कडाडल्या, "शनिवारपर्यंत जीभ आवरली असतीस, तर काय बिघडलं असतं? पाहुणे आले असते, ऐकून गेले असते. त्या माणसाने जन्मात एवढं एकच मागितलं!" मी चुलीपुढे बसून रडले. सांगितल्याचा पश्चात्ताप नव्हता. पुण्याच्या पाहुण्यांनी ती खापरी नेऊन उद्या सगळ्या जगापुढे मांडली असती आणि मग कुणीतरी हसलं असतं, ते मला सहन झालं नसतं. पण त्यांच्या हातून ती गोष्ट काढून घेणारी मीच असावी, याचं फार वाईट वाटलं. शनिवारपर्यंत मामंजी माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. व्याख्यान रद्द करतो असं काही ते म्हणाले नाहीत, आणि विचारायचा धीर कुणाला नव्हता.

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर पांढऱ्या कापडावर खापरी मांडलेली. पाहुणे आले, त्यांनी भिंगातून ती पाहिली, मान डोलावली. मग वकीलसाहेब आले. टेबलाशी थबकले. वाकले. तीन रेघा पाहिल्या, आणि सरळ होऊन त्यांनी आमच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. माझी नि त्यांची नजरानजर झाली. गावातल्या पुरुषांत कुणाला ते मडकं ठाऊक असेल, तर या एका माणसाला, आणि नेमका हाच उठून विचारणार. वकील पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मामंजी उभे राहिले. पणजोबांची गोष्ट त्यांनी नेहमीसारखीच सांगितली, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मग खापरीवर हात ठेवून म्हणाले, "या आठवड्यात मी टेकाडावर खणलं. मला राख सापडली, हे आपण ऐकलंच आहे."

टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत मामंजी थांबले.

"ती राख गेल्या माघात माझ्या सुनेने केली. हे पोपटीचं मडकं आहे. जळकं धान्य म्हणजे वाल, आणि ते आपण सगळ्यांनी खाल्लेले आहेत. पणजोबांची चौकी शोधायला गेलो होतो, आपलंच उष्टं खरकटं उकरून आलो. पुरावा नाही. तेव्हा ही गोष्ट मंडळाच्या इतिहासात घालू नये, अशी कार्यवाह म्हणून माझीच सूचना आहे."

मग आमच्या खोलीतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं वाचनालय हसू लागलं. पुण्याचे पाहुणे तर चष्मा काढून डोळे पुसत होते. हसणं वाईट नव्हतं, मामंजीही थोडे हसले. पण मला पाठच दिसत होती, आणि ती पाठ हसत नव्हती.

इतक्यात वकीलसाहेब उठले. उपरणं सावरलं. सवयीने सगळे गप्प झाले. माझ्या मनात आलं, आता तरी सोडा हो त्यांना!

"शिरस्तेदार सांगतात त्याला पुरावा मी," वकील म्हणाले. "हे मडकं माझ्यादेखत तडकलं. मी शेजारच्या दगडावर होतो. त्या दिवशी मला खायला काही उरलं नाही, आणि मी दुसऱ्या मडक्यातले दोन बटाटे खाल्ले. त्याच मडक्यात अंडी होती, हे मला माहीत होतं."

आमच्या खोलीत वकीलीणबाईंच्या बांगड्या खळकन वाजल्या. वकिलांनी तिकडे पाहिलं नाही.

"हे मी आज सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं नसतं. शिरस्तेदारांनी सांगितलं नसतं, तरी कळलं नसतं. पाहुण्यांना खापरी पटली होती. मी गप्प बसलो असतो, कारण माझी अडचण होती." ते जरा थांबले. "चाळीस वर्षं मी कोर्टात साक्षी तपासल्या. स्वतःच्या बाजूचा पुरावा स्वतःच्या हाताने मोडणारा साक्षीदार मला आजवर भेटला नव्हता. अशा माणसाच्या घरात एक गोष्ट पणजोबांपासून सांगत आले असतील, तर ती मला पुराव्याशिवाय मान्य आहे. शिरस्तेदारांची सूचना फेटाळावी आणि चौकी इतिहासात घ्यावी, असं मी मांडतो."

टेबलाचा काठ धरून मामंजी खाली बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून भर सभेत रडले. मीही रडले आणि सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ठेवला होता.

पुण्याच्या पाहुण्यांनी नंतर फक्त एकच प्रश्न विचारला, पोपटी म्हणजे काय. हंगाम नव्हता, वाल अजून भरले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही परसात त्यांच्यासाठी बटाट्यांची लावली. वकीलसाहेबही आले होते. त्यांच्यापुढे मी तीन रेघांचंच मडकं ठेवलं. त्यांनी ते उघडलं, आत पाहिलं, आणि शेजारच्या मडक्याकडे एक चोरटी नजर टाकून मुकाट्याने जेवू लागले.

माघात नेहमीप्रमाणे टेकाडावर गेलो. मामंजींना चढवत नव्हतं, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून गड्यांनी वर नेलं. या खेपेला पुरुषमंडळी आधी उतारावर आली, आणि पोपटी कुठे लागते ते त्यांनी नीट पाहून घेतलं. त्या वर्षी अलिबागेच्या कोर्टात एक तरुण मुन्सफ नवे आले होते, तेही सहलीला होते. वकीलसाहेबांनी काठीने सगळं टेकाड दाखवत त्यांना सांगितलं, "ही आमची चौकी. इथल्या पहारेकऱ्याने छप्पर पेटवून गाव वाचवलं."

मुन्सफांनी इकडेतिकडे पाहिलं. करवंदीच्या जाळीखेरीज काही नव्हतं. "पण वकीलसाहेब," ते हसून म्हणाले, "याला पुरावा काय?"

वकिलांनी काठी खुर्चीकडे वळवली. मामंजी खाडीकडे पाहत बसले होते.

"हे काय, समोर बसलेत," वकील म्हणाले.